आधी आपलं ताट झाकून ठेवू
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

मार्गशीर्ष चालू आहे. गुरुवारचे उपास आहेत, रानात हरभरा खुडायला आलाय, तुरीच्या शेंगा भरल्यात, आणि आठ-दहा दिवसांवर आपली येळवस आली आहे. खाण्याच्या गोष्टी बोलायला याहून चांगले दिवस कुठले? म्हणून आज बायांचं खाणं आणि बायांचं अंग हलवणं, या दोन गोष्टींवर बोलायचं ठरवलंय. आम्ही डॉक्टर नाही. गावातल्या बचत गटांच्या बाया आणि त्यांच्या वह्या तपासत फिरणारी समन्वयक, अशा सगळ्या मिळून आम्ही. जे करून पाहिलं, त्यातलं काय फसलं आणि काय टिकलं, तेवढंच सांगणार आहोत.

फसलेलं आधी सांगतो.

गेल्या वर्षीच्या ८ मार्चला महिला दिनाचा कार्यक्रम झाला. भाषणं झाली, हळदी-कुंकू झालं, आणि शेवटी कुणीतरी मोबाईलवरचा एक व्हिडिओ दाखवला. एकवीस दिवसांत पोट कमी. आम्हाला हुरूप आला. तिथल्या तिथे शपथ घेतली : भात बंद, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद, आणि पहाटे पाचला सगळ्यांनी मारुतीच्या देवळापासून फाट्यापर्यंत चालायचं. तेवीस जणींनी हात वर केले. पहिल्या दिवशी तेवीसच्या तेवीस आल्या, काही जणी तर पोराचे बूट घालून. चौथ्या दिवशी चौदा उरल्या. नवव्या दिवशी चार, आणि त्यातली एक समन्वयक, कारण तिला न येऊन चालणार नव्हतं.

ज्वारीची काढणी चालू होती. आमच्यातल्या एक काकू मात्र शब्दाच्या पक्क्या. सकाळी चहा घेऊन रानात जायचं, दुपारी अर्धी भाकरी, रात्री काही नाही. बाराव्या दिवशी उन्हात त्या चक्कर येऊन पडल्या. गाडीवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.१. वजन केलं, बेचाळीस किलो. डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "हिला वजन कमी करायला कुणी सांगितलं?" आम्ही चौघी मागे उभ्या होतो. कुणी बोललं नाही.

बेचाळीस किलोच्या बाईच्या अंगावर कमी करायला होतं काय? पण आम्ही पाहिलंच नव्हतं. पोट सुटलेल्या वहिनी आणि हाडं दिसणाऱ्या काकू, दोघींना एकच औषध दिलं होतं.

मग आशाताईंना सांगून सगळ्यांचंच रक्त तपासून घेतलं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन बारा तरी असावं लागतं, गरोदर बाईचं अकरा. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणी बाराच्या खाली निघाल्या. समन्वयकसुद्धा. गावोगाव पोषणाचे तक्ते चिकटवत फिरणारी बाई स्वतः दहावर. हे आमच्याच गावाचं आहे असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते सरकारची. तिच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी १०० तल्या ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे घरोघरी मिक्सर आला, गॅस आला, मोबाईल आला, आणि बाईचं रक्त मात्र खाली गेलं.

गटाची दशसूत्री आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, दप्तर. ही पहिली पाच झाली की बैठक उठते. सहावं सूत्र आरोग्याचं आहे, आणि खरं सांगायचं तर ते आम्ही वहीत नुसतं "चर्चा झाली" असं लिहून पुढे जायचो. काकू पडल्यावर पहिल्यांदा सहाव्या सूत्रावर खरी चर्चा झाली.

त्या बैठकीत आम्ही एक केलं. प्रत्येकीनं काल दिवसभरात काय खाल्लं ते सांगायचं. लाजायचं नाही, वाढवून सांगायचं नाही. पहिल्या दोघी-तिघींनी वरण, भात, भाजी, भाकरी असं सांगितलं. मग एक आजी म्हणाल्या, "घरात काय शिजलं ते सांगू नका गं. तुमच्या ताटात काय पडलं ते सांगा." त्यावर सगळ्या गप्प. आणि मग खरं यायला लागलं. वरण केलं होतं, पण आपली पाळी आली तेव्हा पातेल्यात वरचं पाणी उरलं होतं. भाजी संपली होती म्हणून चटणी-भाकरी खाल्ली. अंडी चार आणली होती, दोन पोरांची, एक मालकांचं, एक सासऱ्यांचं. सकाळचा शिळा भात फोडणी देऊन संपवला, टाकवत नाही म्हणून. दूध डेअरीला गेलं. एकीनं सांगितलं, "मी काल बसून जेवलेच नाही. भाकऱ्या थापता थापता दोन घास खाल्ले."

तेव्हा आम्हाला कळलं की भात बंद आणि साखर बंद ही पुढची गोष्ट झाली. आधी बाईच्या ताटात काही पडलं पाहिजे.

त्यातून एकच नियम काढला. स्वयंपाक झाला, की कुणालाही वाढायच्या आधी आपलं ताट वाढायचं. सगळ्यांच्या ताटात जे आहे तेच : घट्ट वरणाची वाटी, भाजी, भाकरी, असेल तर अंडं. त्यावर दुसरं ताट झाकायचं आणि फडताळात ठेवून द्यायचं. जेवायचं तेव्हा जेवा. शेवटी जेवलात तरी चालेल. पण जे जेवाल ते उरलेलं नसावं.

ऐकायला किती साधं. पण पहिल्याच आठवड्यात तीन घरांत वाजलं. एका घरी सासूबाई म्हणाल्या, "देवाला निवद दाखवायच्या आधी सुनेचं ताट? हे कुठलं नवीन?" दुसरीकडे मालक म्हणाले, "आम्ही काय तुला उपाशी ठेवतो का? गावात सांगायला मोकळी झालीस." तिसऱ्या घरात कुणी बोललं नाही, पण झाकलेल्या ताटातली भाजी पोराला वाढली गेली, आणि ती वाढली त्या माउलीनंच. हात आवरला नाही तिला. आम्ही तिला कशाला नावं ठेवावी? आमच्यातल्या प्रत्येकीनं हे केलेलं आहे.

पहिल्या घराचा तोड आमच्या आजींनी काढला. त्या म्हणाल्या, "सासूचं ताट आधी झाका, मग आपलं." खरंच की. त्या सासूबाईसुद्धा चाळीस वर्षं उरलंसुरलंच खात आल्या होत्या. त्यांचं ताट आजवर कुणी झाकून ठेवलं नव्हतं. निवद दाखवायचा आणि मग दोन ताटं झाकायची. पंधरा दिवसांत त्या घरात असं झालं, की नातू फडताळाकडे वळला तर सासूबाईच ओरडायच्या, "झाकलेल्याला हात लावू नको!" आज गावात बऱ्याच घरांत दोन ताटं झाकलेली असतात. सगळ्या घरांत नाही.

आता ताटात काय असावं ते बघू. इथं आमचं मत जरा रोखठोक आहे. बाजारातल्या डब्यातल्या पावडरी, परदेशी बिया, यातलं काही लागत नाही. आपल्या लातूर-धाराशिवच्या मातीत जे पिकतं तेच पुरतं. अडचण अशी, की ते आपण आता पिकवत नाही, आणि पिकवलं तर विकून टाकतो. पूर्वी पावसाळ्यात मूग, उडीद असायचा, तुरीच्या ओळीत हुलगा, मटकी, अंबाडी, तीळ असायचे. आता बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन. पैसा एकदम येतो आणि एकदम जातो, आणि डाळ पावशेर-पावशेर दुकानातून येते. त्यात रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तर फुकट, म्हणून पोट भातावर भागतं. रेशनला आम्ही वाईट म्हणत नाही, अडीनडीला तेच घर चालवतं. पण नुसत्या भातावर बाईचं अंग भरत नाही.

म्हणून दुसरा नियम : तूर, हरभरा, मूग जे काही घरात येईल, ते आडतीवर जायच्या आधी वर्षभराचं घरचं मोजून बाजूला. पाच माणसांच्या घराला दिवसाला अर्धा किलो डाळ-कडधान्य लागतं असं धरलं तरी वर्षाला पावणेदोन-दोन क्विंटल होतं. एवढं कुणीच ठेवत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पन्नास किलो तरी ठेवा. हे गणित आम्ही बैठकीत फळ्यावर मांडलं तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "आम्ही स्वस्तात विकून तीच डाळ महागात आणतो की!" घरी जाऊन तिनं ते मालकांना सांगितलं, आणि खाण्याच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते पैशाच्या बोलण्यानं झालं.

आता थोडा हिशोब करू. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीच्या एका भाकरीतून सहा-सात ग्रॅम मिळतात. घट्ट वरणाच्या वाटीत तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत तेवढीच, एका अंड्यात सहा. दोन वेळच्या दोन-दोन भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ आणि एक मूठ शेंगदाणे एवढ्यावर भागतं. पण पातळ आमटीत यातलं फारसं काही नसतं. भाकरीत जे कमी असतं ते डाळीत असतं, डाळीत जे कमी ते भाकरीत, म्हणून दोन्ही एकत्र पाहिजेत. सोयाबीन घरी खायचं असेल तर आधी चांगलं भाजून घ्या, आणि दहा किलो धान्यात एक किलो घालून दळा. कच्चं दळू नका, पचत नाही.

रक्तासाठी पालेभाजी, आणि ती सध्या रानात फुकट आहे. हरभऱ्याचा कोवळा पाला, करडई, पाथरी, तांदुळजा, चाकवत. करडईची भाजी म्हटलं की पोरं नाक मुरडतात, डाळ घालून परतली तर खातात. शेवग्याचा पाला तर दारात असतो. आपण शेंगा विकतो आणि पाला शेळीला टाकतो. शेळीचं रक्त चांगलं असतं, असं आमच्या काकू म्हणतात. पालेभाजीवर लिंबू पिळायला विसरू नका, किंवा जेवणाबरोबर एक आवळा, पेरूची फोड काहीही आंबट घ्या. त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं. आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, चहानं तेच लोह अडतं. चहा सोडा असं आम्ही म्हणणार नाही. एकदा म्हणून पाहिलंय, त्याचं काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं. चहा फक्त जेवणापासून लांब न्या.

गूळ-शेंगदाण्यांबद्दल विचारतात. खा, चांगलं आहे. पण गूळ खाल्ला की रक्त वाढतं या भरवशावर राहू नका. हिमोग्लोबिन फार खाली असेल तर नुसत्या खाण्यानं भरून यायला फार वेळ लागतो, गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या उपकेंद्रात फुकट मिळतात. गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला भिऊ नका. मळमळलं तर जेवणानंतर घ्या. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका. आणि पाळीत अंगावरून फार जात असेल, तर कितीही करडई खाल्ली तरी उपयोग नाही, आधी डॉक्टरीणबाईंना दाखवा. रानात अनवाणी फिरू नका, मातीतले जंत तळपायातून अंगात जातात आणि आतून रक्त पितात. ही चप्पलसुद्धा खाण्याच्या हिशोबातच धरा.

उपासाचं बोललं की काही जणींना राग येतो, तरी बोलतो. उपास सोडा असं नाही. गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, आपले उपास मोजले तर वर्षाचे दोन-अडीच महिने भरतात. त्या दिवशी साबुदाणा आणि चार कप चहा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ, त्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. त्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करा, राजगिऱ्याची भाकरी करा, वाटीभर दही घ्या, एक फळ खा. देव तोच आहे. आणि त्या दिवशी काढणी, खुरपणी असेल, तर काकूंची गोष्ट आठवा.

पोट सुटलेल्या वहिनींनाही आम्ही विसरलो नाही. त्यांचं दुखणं वेगळं. शिलाई मशीन, दुकानाचा गल्ला, अंगणवाडी, बँकेचं काम, बसून दिवस जातो. एकच माप सांगतो, त्याला वजनकाटा लागत नाही. गटातल्या टेलर वहिनींची टेप बेंबीच्या वरून फिरवा. ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या वर कंबर गेली की साखर आणि रक्तदाबाची तपासणी करून घ्यायची. आमच्याकडे एका शनिवारी सगळ्यांची मापं घेतली. जणू साखरपुड्याच्या ब्लाउजची मापं चालली होती, इतकं हसलो. पण त्यातून दोघींची रक्तातली साखर वाढलेली सापडली, आणि त्यांना ती तोवर माहीतच नव्हती.

त्यांच्यासाठी कमी करायच्या गोष्टी आम्ही मोजून काढल्या. दिवसात चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, चाळीस ग्रॅम. महिन्याला एका बाईच्या पोटात नुसत्या चहातून सव्वा किलो साखर. दिवसाला पाच चमच्यांच्या वर साखर नको असं जाणकार सांगतात. एकदम बंद केली की आठवड्यात दुप्पट होऊन परत येते. महिन्याला अर्धा चमचा कमी करत गेल्या, त्यांची जमली. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास असावं. पाच माणसांच्या घराला अडीच लिटर. आमच्यातल्या एका घरात पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नव्हता. तळणं आठवड्यातून एकदाच करायचं ठरवलं, तो आता दीड महिना जातो.

आता अंग हलवण्याचं. "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?" हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. बरोबर आहे. जी बाई दिवसभर खुरपते, तिला संध्याकाळी आणखी पळायला लावणं हा छळ आहे. तिला चालायची नाही, आडवं व्हायची गरज आहे. पण राबणं एका बाजूचं असतं. दिवसभर वाकून पाठ एकाच तऱ्हेनं ताणली जाते. म्हणून रानातून आल्यावर पाच मिनिटं सतरंजीवर उताणं पडा, गुडघे छातीशी घ्या, हात डोक्याच्या वर ताणा. सासूबाई विचारतील काय झालं, तर त्यांनाही शेजारी झोपवा. घागर, पोतं उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे वाकवा आणि ओझं अंगाशी धरा.

बसून काम करणाऱ्यांसाठी आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहाटे पाचचा आमचा प्रयोग का फसला? कारण ते काम दिवसात कुठंच बसत नव्हतं. पहाटे पाणी येतं, चूल पेटते, पोरांचे डबे असतात. वर गावातले कट्ट्यावरून विचारणार, "कुठं निघाल्या ह्या? घरी काम नाही का?" शेवटी उपाय दुधानं दिला. संध्याकाळचं दूध डेअरीवर पोरं मोटारसायकलवरून न्यायची. आता आम्ही सहा-सात जणी मिळून पायी नेतो. जायला-यायला पाऊण पाऊण कोस. कट्ट्यावर कुणी विचारत नाही, कारण हातात कॅन आहे. पेट्रोल वाचतं, बोलणं होतं, आणि दुधाचं माप कुणी मारत नाही, हा वेगळाच फायदा.

ताकदीच्या व्यायामाला जिम लागत नाही. ओट्यावर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं, असं दहा वेळा. चाळिशीनंतर मांड्यांची ताकद उतरत जाते, ती यानं राहते. गुडघे दुखत असतील तर जास्त उंच जागेवर बसा. दूध उतू जायची वाट बघत उभ्या असाल तेव्हा टाचा वर-खाली करा. शनिवारी बैठकीत वही उघडायच्या आधी आम्ही हे करतो. ज्या आजींना पहिल्या महिन्यात तीन वेळा उठवत नव्हतं, त्या आता बारा मोजतात, आणि मोजण्यात लबाडी करत नाहीत असं आम्ही धरून चालतो. आणि पंचमीच्या फुगड्या, झिम्मा विसरू नका. दोन मिनिटं फुगडी घालून बघा, दम किती आहे ते लगेच कळतं.

"आमच्या वेळी जातं होतं, म्हणून आम्ही धडधाकट" असं म्हातारी माणसं सांगतात. जात्याला नमस्कार आहे. पण त्या काळच्या किती बाया बाळंतपणात गेल्या, तेही त्याच म्हातारी माणसांना विचारा. जातं परत आणायचं नाहीये आपल्याला.

शेवटी सुगीचं सांगायला पाहिजे, कारण खरी परीक्षा तिथं होते. सोयाबीनची काढणी आली की दीड महिना सगळं कोलमडतं. चालणं बंद, ओटा बंद, भाजी बंद. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, संपलं आता. मग ठरवलं की सुगीची वेगळी सवय आणि रिकाम्या दिवसांची वेगळी. सुगीत दोनच गोष्टी पाळायच्या : ताट झाकायचं, आणि रानात जाताना मूठभर शेंगदाणे-फुटाणे बरोबर न्यायचे, दहा-अकराच्या सुमाराला खायचे. बाकी सगळं माफ. दिवाळीनंतर परत दुधाचा कॅन उचलायचा. यंदा सुगी संपल्यावर दूध पायी न्यायला सात जणींपैकी सहा परतल्या. सातवीचा पोरगा नवीन गाडी घेऊन आलाय, त्याला दूध न्यायची हौस आहे. ती हौस फिटेपर्यंत थांबू.

काकूंनी वर्षभर गोळ्या घेतल्या, ताट झाकलं. गेल्या महिन्यात तपासलं तर ११.४. बारा अजून झालेलं नाही. वजन सत्तेचाळीस आहे. त्या म्हणतात, आता घागर उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येत नाही.

आणि आता येळवस. रानात कडब्याची कोप, पूजा, मडक्यातली आंबील, बाजरीचे उंडे, आणि ती भज्जी. हरभरा, तूर, वाटाणा, वालाच्या शेंगा, पातीचा कांदा, मेथी, रानात जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात. आज आम्ही एवढा वेळ जे बोललो ते सगळं त्या एका पातेल्यात असतं. पण त्या दिवशीही पंगत बसते गड्यांची आणि पोरांची, आणि वाढून वाढून बाया शेवटी खरवडलेली भज्जी खातात. यंदा आम्ही घरोघरी विचारून पाहिलं : पहिली पंगत बायांची बसवायची आणि वाढायचं गड्यांनी. तीन घरांनी हो म्हटलंय. चौथ्या घरी अजून बोलणं चाललंय. ते घर समन्वयकाचंच आहे. काय होतं ते येळवशीनंतर याच रेडिओवर सांगू.